दहाव्या एकाचा हातचा

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाताना पहाटे देवळाली मागे पडते, मग घाट उतरून कल्याण आणि लगेच डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळामास्तर होते, आणि त्यांनी शोधलेल्या ‘डेम्लो’ संख्यांना नाव मिळालं ते डोंबिवली स्टेशनावरून. त्यांतल्या सगळ्यांत देखण्या १, १२१, १२३२१ अशा चढत जातात आणि १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत पोचतात. सतरा अंक, कोटीच्या १२३ कोटी पटीहून मोठी. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच, म्हणजे पॅलिंड्रोम.

मोबाइलवर ही संख्या ‘चमत्कार’ म्हणून फिरत असते. चमत्कार कसला, गुणाकारात हातचा आला नाही एवढंच! ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. गोंदियाच्या वर्गात मी हा गुणाकार फळ्यावर मांडतो तेव्हा नऊ ओळी होतात, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करत गेलं की उजवीकडच्या रकान्यात १, शेजारी २, मग ३. मधल्या रकान्यात ९, आणि तिथून उतार. दहा कुठेच होत नाहीत.

मग पोट्ट्यांना आणखी एक १ जोडायला सांगतो. मधल्या रकान्यात दहा: शून्य मांडा, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा: पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब. हातचा नेहमी डावीकडेच जातो, उजवीकडे कधीच नाही. म्हणून तो आला की दोन्ही बाजू सारख्या राहणं अवघड. घनाला तर इतकीही सवड नाही. १११ चा घन १३६७६३१, ठीक. ११११ चा १३७१३३०६३१, बिघडलाच. सोळाच्या पायावर मोजणाऱ्याला मात्र वर्गासाठी पंधरा एकांपर्यंत मुभा आहे.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ आहे: सहापर्यंत चढून उतरणारी, म्हणजे सहा एकांचा वर्ग. आपल्या नऊ एकांच्या वर्गाचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. इतक्या गुळगुळीत संख्येच्या पोटात असली ओबडधोबड मूळ संख्या निघावी, याची मला मोठी गंमत वाटते. अंकांची बेरीज ८१. तिने संख्येला गुणलं की ९९९९९९९९९ चा वर्ग.

बेरजेतही हातचाच खोडा घालतो. संख्येत तीच संख्या उलटवून मिळवायची, पॅलिंड्रोम निघेपर्यंत. ३४ मध्ये ४३ मिळवले की ७७, काम झालं. ८९ मध्ये ९८ मिळवा: १८७. त्यात ७८१ मिळवा: ९६८. असं उलटवत, मिळवत गेलं की चोविसाव्या बेरजेला ८८१३२०००२३१८८ हाती लागते. १९६ तर संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत नेली, तरी पॅलिंड्रोम निघाला नाही. आणि तो कधीच निघणार नाही याची सिद्धताही नाही. दोनाच्या पायावर १०११० ची, म्हणजे आपल्या २२ ची, सिद्धता झालेली आहे, कारण तिथे अंक ठरावीक नमुन्याने फिरून फिरून येतात. दहाच्या पायावर असा नमुना अजून कुणाला सापडलेला नाही.