बेगड आणि रेडियम

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरानं जुन्या मोटारीसाठी काळ्या रेडियमचे पट्टे आणले. दारावरचा लांब ओरखडा झाकायचा होता. ओरखडा आमच्या सर्ज्याच्या शिंगाचा. गाडी पहिल्यांदा गोठ्याशेजारी लावली, तेव्हाचा. त्याच उन्हाळ्यात बैलजोडी विकली.

सकाळी सावलीत पत्रा धुतला, कोरडा पुसला. पोरगं अंदाजानं चिकटवायला लागलं, तर पट्टा तिरका जायचा. म्हटलं, "थांब रं. पहिलं तास वाकडं गेलं की सगळं वावर वाकडं जातं." दोन्ही टोकांना दोरी ताणली. साबणाचं पाणी मारलं, म्हणजे पट्टा सरकवता येतो. मागचा कागद सोलत, जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेला पाणी काढत गेलो. बुडबुडा राहिला तिथं सुई टोचली. सर्ज्याच्या शिंगाला बेगड लावताना हात असाच हलका ठेवावा लागायचा.

"आबा, एकदम सरळ आलं!" पोरगं खूश.

ओरखडा दिसेनासा झाला. पण रेडियम पातळ. बोट फिरवलं की खालची रेघ लागते. दुसऱ्या दिवशी गावात बैल मिरवले. आमच्या दारात कुणी आलं नाही. मी आपला दारावरून बोट फिरवत उभा राहिलो.