तळ्याच्या वरच्या अंगाला

श्रीलंकेला जाऊन आलो म्हटल्यावर लोक समुद्रकिनाऱ्यांबद्दल विचारतात. पाटबंधारे खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ओढ असते ती अनुराधपूर-पोलोन्नरुवा पट्ट्यातल्या जुन्या तळ्यांची. बेटाचा हा कोरडा भाग. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून तळी पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात जावं. पाणी उतरलेलं असतं, मोऱ्यांची तोंडं उघडी पडतात. त्याच दिवसांत मिन्नेरियाच्या तळ्यात कोवळ्या गवतासाठी हत्तींचे कळप जमतात, त्यामुळे बरोबरची मंडळीही कुरकुर करत नाहीत.

कला वेवा हे तळं पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधलं. मुलगा कश्यप खजिना मागू लागला तेव्हा या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन ‘हीच माझी दौलत’ असं तो म्हणाला, असं चूलवंस या जुन्या बखरीत आहे. पुढे त्याच कश्यपानं सिगिरियाचा खडकावरचा किल्ला उभारला. कला वेव्यातून अनुराधपूरच्या तळ्याकडे जाणारा जुना कालवा, जय गंगा, सुमारे 87 किलोमीटर लांबीचा. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम 10 सेंटिमीटर. लेव्हल मशीन हाताशी असूनही इतका सपाट उतार राखताना साइटवर घाम फुटतो, हे सांगायला माझ्यासारख्याचीच साक्ष हवी.

या तळ्यांची खरी करामत पाळीत दडलेली आहे. तिथे ‘बिसोकोटुव’ नावाची घडीव दगडांची चौकोनी विहीर असते. तळ्याच्या बुडातून दाबानं येणारं पाणी आधी या विहिरीत शिरतं, तिथे त्याचा वेग मोडतो, आणि मग ते पलीकडच्या मोरीतून पाटात जातं. थेट सोडलं असतं तर त्यानं मातीची पाळ आतून कुरतडली असती. हेन्री पार्कर या ब्रिटिश अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात या विहिरी पाहिल्या आणि या आपल्या व्हॉल्व्हच्या विहिरींच्या पूर्वज आहेत, असं मत मांडलं. काठावर उभं राहून आत वाकून पाहा, पण उतरू नका. मगरींचा मुलूख आहे.

पाळ आणि मोरी पाहून परतणं मात्र चुकीचं. तळ्याच्या वरच्या अंगाला चालत जा. आधी झाडांचा पट्टा लागतो, तो वारा अडवतो, बाष्पीभवन कमी करतो. मग गवताचा पट्टा, तो येणाऱ्या पाण्यातला गाळ धरतो. पाळीच्या खालच्या बाजूला झाडाझुडपांची दलदलीची पट्टी. पाझरातले क्षार शेतात पोचण्याआधी तिथे अडतात. भाताचं उरलेलं पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. एकेक तळं सुटं मोजायचंच नाही, अख्खी साखळी मोजायची. भंडारा-गोंदियातले कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलावही असेच एकमेकांच्या आधारानं उभे आहेत. आपण दुरुस्ती म्हणून गाळ उपसतो, पाळ उंच करतो, आणि वरचं गवत-झाडोरा कुणाच्या अंदाजपत्रकातच नसतो.

हिंडायला पोलोन्नरुवात सायकल भाड्यानं घ्या. पराक्रम समुद्र या तळ्याच्या पाळीवरून सकाळी फिरण्यासारखं सुख नाही. सिगिरियाचा चढ उन्हं तापण्याआधी उरकावा. स्तूपाजवळ चपला काढाव्या लागतात, दुपारी फरशी पाय भाजते, तेव्हा मोजे जवळ असू द्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद असतात. ज्यांना फरक पडतो त्यांनी तारखा पाहाव्यात. मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं दही आणि किथुल माडाची काकवी चुकवू नका.

पाणी कमी पडलं की या तळ्यांवरचे शेतकरी ‘बेत्म’ करतात. सगळं लाभक्षेत्र भिजणार नसतं, म्हणून पाळीजवळची तेवढीच जमीन त्या हंगामापुरती सगळ्या खातेदारांत ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं वाटून घेतात. टेलवाल्याला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला, हेडजवळ, पाटाच्या तोंडाशी, तुकडा मिळतो, हंगाम संपला की जमीन मूळ मालकाकडे. आपल्याकडच्या एका पाणीवापर संस्थेच्या बैठकीत मी हे मोठ्या हौसेनं सांगितलं. टेलचे शेतकरी माना डोलावत होते. हेडकडचा एकजण उठला आणि म्हणाला, “साहेब, ते ठीक आहे, पण सातबाऱ्यावर पीक कुणाच्या नावानं लावायचं?”