यंत्राचा सूर ओळखणारे कान

घरातल्या आजारी माणसासाठी ‘जुनी गाणी लावून द्या’ हा सल्ला आपण कधी ना कधी ऐकला असेल. सल्ला खोटा नाही. पक्षाघाताने वाचा गेलेली कित्येक माणसे ओळखीचे गाणे मात्र शब्दांसह म्हणू शकतात. आमच्या घरी तसे घडले नाही. दोन वर्षांपूर्वी यांची उजवी बाजू आणि वाणी गेली. त्यानंतर अभंग लावला की यांचे ओठ हलत, शब्द सापडत नसे आणि डोळे भरून येत. मुखोद्गत असलेले गाणेच हरवलेल्या शब्दाची आठवण करून देई. मग मी रेडिओ बंद ठेवू लागले. बारामतीच्या आमच्या घरात पसरलेली ती शांतता मला खाऊ लागली.

पुण्यात शिकणारा नातू दिवाळीला आला, तेव्हा त्याच्या मोबाईलवर एक निराळाच आवाज चालू होता. ना मुखडा, ना अंतरा. एक लांबलचक गुंजन आणि त्याखाली संथपणे सरकणारा ठोका. कोणा मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, घरच्या संगणकावर एकट्यानेच रचलेले हे संगीत, असे त्याने सांगितले. मला तर ती पिठाची गिरणी वाटली. पण हे टक लावून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी डाव्या हाताचे बोट उचलले, आणि क्षणभराने माझ्या ध्यानात आले, की ठोका बदलला आहे.

इंदापूर तालुक्यातील साखर कारखान्यात हे चौतीस वर्षे फिटर होते. बेअरिंगला लोखंडी सळई लावायची, तिचे दुसरे टोक कानाशी धरायचे आणि बिघाड ओळखायचा, ही त्यांची विद्या. ते कान शाबूत आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून आम्ही हे संगीत शोधून ऐकतो, आणि ते वाटले तितके परके नाही. अनेक घरांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा रियाजाला असतोच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवला गेला होता. गीता साराभाई आदींनी त्यावर केलेल्या रचना पुढे विस्मृतीत गेल्या आणि 2023 साली ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाल्या. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांतून वाजवले. तेव्हा त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली, आणि सत्तरी गाठलेले हे गृहस्थ युरोपात जाऊन वाजवून आले! मला त्यांचा भैरव आवडतो, यांना ठेका.

ब्रायन ईनो या इंग्रज कलावंताची हकिगत तर आपल्यासारख्या शुश्रूषा करणाऱ्यांनी जरूर ऐकावी. 1975 साली अपघातानंतर तो अंथरुणाला खिळला होता. कोणी लावून दिलेली तबकडी फार हळू वाजत होती आणि उठून आवाज वाढवण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. बाहेरच्या पावसात मिसळलेले ते सूर ऐकताना त्याला संगीताची नवी वाट दिसली.

यातील निम्मे संगीत मला सोसत नाही, हेही सांगते. काही रचना म्हणजे निव्वळ भांड्यांचा खणखणाट. एकाएकी आवाज चढला की हे दचकतात. म्हणून प्रत्येक रचना आधी मी एकटी ऐकते. एका वेळी एकच, आणि तीही शेजारी बसून साध्या आवाजात बोलता येईल इतकी हळू. त्यांनी तोंड फिरवले की बंद. जेवताना आणि व्यायामाच्या वेळी लावत नाही, कारण तेव्हा त्यांचे लक्ष दोन्हीकडे विभागले जाते.

सध्या गाळप सुरू आहे. रात्री इंदापूर रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, तेव्हा हे डाव्या हाताने खिडकीकडे खूण करतात. मी ती उघडते आणि मोबाईलचा आवाज आणखी थोडा उतरवते. परवा त्यांनी असेच बोट उचलले. गाणे बदलले, की बाहेरच्या ट्रॅक्टरचा काही आवाज आला, ते मला ओळखता येईना. ‘बेअरिंग?’ मी विचारले. ते हसले, आणि मानेने ‘नाही’ म्हणाले.