सातवा

आमच्या घरी एक वही आहे. तीत रोज रात्री एकच आकडा लिहिला जातो. कधी 22, कधी 26. झोपलेल्या कुत्र्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते, याची ती मोजदाद. आकडा तिसाच्या आत असला की दिवा मालवून आपणही झोपावे. सतत वर राहू लागला की डॉक्टरांना कळवावे, असा नियम. गेली अडीच वर्षे हा क्रम चालू आहे.

कुत्रा पांढरा, लहान चणीचा, आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतात पण जो बहुधा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो, त्या जातीचा. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीला पाहून घरोघर ज्यांची हौस झाली, त्यांच्यातलाच. पुण्याबाहेरच्या एका निवाराघरात तो होता. कुणीतरी रात्री फाटकाला बांधून गेले होते. अंगभर गोचिड्या, डोळ्यांवर निळसर साय, खालचे पुढचे दात जवळजवळ नाहीतच. दातांवरून आणि डोळ्यांवरून वयाचा अंदाज अकरा-बाराचा. निवाराघरातल्यांनी त्याचे नाव ‘भोला’ ठेवले होते. त्या नावाला त्याने कधीच ओ दिली नाही.

तपासणाऱ्या डॉक्टर मुलीने छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग म्हणाली, “काका, नीट विचार करा. याच्या हृदयाची झडप गळते आहे.” लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार पुष्कळ आढळतो. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड होते, पुरती मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे फिरते. हृदय मोठे होत जाते आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचू लागते. औषधांनी दिवस वाढवता येतात, झडप मात्र पूर्ववत होत नाही.

“अहो, आपण कुत्रा आणतोय की दुःख?” पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर मला ठाऊक होते, पण तिला सांगण्याचे धैर्य होत नव्हते.

ते उत्तर 1978 सालचे आहे. वडिलांची साताऱ्याहून चंद्रपूरला बदली झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्याकडे मोत्या नावाचा गावठी कुत्रा होता. सामानाच्या ट्रकमध्ये त्याला नेण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. “राहील तो, गल्लीतलाच आहे,” असे वडील म्हणाले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे ते काही क्रूर बोलले नाहीत. मी मागे गाद्यांच्या वळकट्यांवर बसलो होतो. मोत्या जकात नाक्यापर्यंत ट्रकमागे धावला. तिथवर मी पाहिले, आणि मग तोंड फिरवले. दोन महिन्यांनी शेजारच्या काकूंचे कार्ड आले. खुशालीच्या मजकुराखाली एक ओळ होती: तुमचा मोत्या अजून बंद दारापाशी बसून असतो. आईने ते कार्ड वाचून देव्हाऱ्यामागे ठेवले. त्यावर घरात कधी बोलणे झाले नाही.

भोलाला कुणी सोडले असेल यावर निवाराघरातली मंडळी संतापाने बोलत. मी गप्प राहत असे. सोडणाऱ्यांच्या ट्रकमध्ये मी बसलेलो आहे.

तो घरी आला, आणि पहिला महिना आमच्यात काही संवादच झाला नाही. मराठी माणूस कुत्र्याशी इंग्रजीत बोलतो. आम्हीही ‘सिट’, ‘कम’ करून पाहिले. मग मराठी, मग हिंदी. तो शून्यपणे पाहत राही. संध्याकाळ झाली की मात्र दाराकडे तोंड करून तासभर बसे. कुणाची वाट पाहतो आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. आमची नाही, एवढे नक्की. एके दिवशी विजापूरकडच्या, कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता सहज त्याला म्हणाल्या, “बा इल्लि.” इकडे ये. तो ताडकन उठला. लंगडत, शेपूट हलवत त्यांच्यापाशी गेला, त्यांचे तोंड हुंगले, आणि मग परत दाराशी जाऊन बसला.

त्या क्षणी मला त्याच्या गत आयुष्याची खोली एकदम जाणवली. याला एक भाषा होती. कुणीतरी ती त्याच्याशी रोज बोलत होते. मावशींकडून मी आणि पत्नी चार-सहा शब्द शिकलो: ऊटा म्हणजे जेवण, नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे. साठीकडे झुकलेली दोन माणसे एका कुत्र्यासाठी कानडी गिरवू लागली. पत्नीचा उच्चार माझ्याहून चांगला आहे, असे मावशींचे मत आहे.

पिमोबेंडनची गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर. फुप्फुसांतले पाणी उतरवणारी फ्युरोसेमाइड केळ्याच्या फोडीतून. तिने तहान वाढते, लघवी वाढते, म्हणून पहाटे तीनला त्याला उचलून तीन मजले खाली. वर्षातून तीन-चारदा मूत्रपिंडांसाठी रक्ताची तपासणी, कारण हृदयाला तारणारे औषध तिकडे भार टाकते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वहीत 52 हा आकडा पडला. तो मान लांबवून, कोपर बाहेर काढून उभाच होता, आडवा होईना. इंजेक्शन, प्राणवायू, आणि पहाटेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघे. त्या बाकावर मी पत्नीला जकात नाका सांगितला. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, “मग आधी का नाही बोललात?”

महाभारताचे सतरावे पर्व, महाप्रस्थानिक, मी तेव्हापासून पुन्हा वाचतो आहे. पाच पांडव, द्रौपदी आणि मागून आलेला सातवा, एक कुत्रा. वाटेत द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ पडतो. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. स्वर्गाच्या दारात मात्र कुत्र्यावाचून आत यायला तो नकार देतो. इंद्र नेमके बोट ठेवतो: भावांना सोडलेस, मग कुत्र्याला का नाही? युधिष्ठिराचे उत्तर साधे आहे. ते मेले होते. मेलेल्यांना मी उठवू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे.

पुढे तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म असल्याचे उघड होते. व्यासांची क्षमा मागून सांगतो, तिथे माझा हिरमोड होतो. तो कुत्राच राहिला असता तरी युधिष्ठिराचे म्हणणे तेवढेच खरे होते. परीक्षा नसती तर अधिकच.

मोत्यासाठी आता काही करता येत नाही. भोलाला सांभाळल्याने ते खाते मिटत नाही, हेही मला कळते. तो अजून संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसतो. फरक एवढाच की हल्ली अंधार पडल्यावर “बा इल्लि” म्हटले की उठतो, आणि पत्नीच्या पायांशी येऊन निजतो. काल रात्रीचा आकडा 26.