पाचोळ्यावरची बाग

बियाण्याच्या पाकिटावर ‘वसंतात पेरा’ असं छापलेलं दिसलं, की ते पाकीट कुठल्या देशातून आलंय ते मी आधी बघते. थंड देशांत वसंत म्हणजे बर्फ वितळून जमीन हाताला लागण्याचे दिवस. पुण्यात वसंत येतो तेव्हा घरातला पंखा दोनवरून चारवर गेलेला असतो. मेथी-पालक तुऱ्यावर येऊन बसतात, मुळा जून होतो आणि पारा पस्तिशीच्या पुढे सरकला की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायला लागतात. नोकरी संपल्यावर मी गच्चीत बाग करायचं ठरवलं ते नेमकं माघाच्या अखेरीला, आणि भेटेल त्यानं सांगितलं, “आता कशाला? पावसाळ्यात लावा.”

पावसाळ्यापर्यंत थांबले असते तर ही बाग झालीच नसती. कारण ती उभी राहिली पाचोळ्यावर, आणि पाचोळा मिळतो तो शिशिर संपताना.

आमच्या घराला लागून छोटी गच्ची आहे. विटांचे वाफे करून त्यात फूटभर माती भरावी असा माझा पहिला बेत होता. सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी दारात हजर. “वहिनी, झाडं लावा, पण खालच्यांच्या डोक्यावर शेत नको.” मला राग आला होता, पण खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअर काकांनी वहीच्या पानावर गणित मांडून दाखवलं. वापरातली साधी गच्ची धरतात ती चौरस मीटरला दीडशे किलो जादा भार पेलेल अशी. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे फूटभर थराचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर. वाफे तिथेच बाद झाले. मातीशिवाय बाग कशी करायची, हा प्रश्न राहिला.

त्याचं उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच देऊन ठेवलेलं आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर गच्चीत भाज्या-फळं पिकवून दाखवली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ लिहिलं. झाडाला लागणारं बहुतेक सगळं पाणी, हवा आणि ऊन यांतूनच येतं, हे त्यांचं म्हणणं. मातीचं काम मुळांना धरून ठेवायचं आणि जिवाणूंना घर द्यायचं, आणि ते काम कुजलेला पाचोळा मातीपेक्षा हलक्या अंगानं करतो.

आमच्या गल्लीत पर्जन्यवृक्षांची रांग आहे, कोपऱ्यावर पिंपळ. महाशिवरात्रीच्या सुमाराला सगळा रस्ता पिवळा-तपकिरी होतो. झाडणाऱ्या मावशी पहाटे ढीग करतात आणि बरेचदा कुणीतरी त्याला काडी लावतं. मी तांदळाची रिकामी पोती घेऊन खाली उतरले. मावशींना वाटलं तक्रार करायला आले. पाचोळा हवाय म्हटल्यावर त्या हसल्या. “न्या की ताई, तेवढीच माझी ढकलगाडी हलकी.” दोन-तीन दिवसांत त्या स्वतःच पोती भरून जिन्याखाली ठेवायला लागल्या. प्लॅस्टिक, गुटख्याच्या पुड्या निवडून काढायचं काम मात्र माझं. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, ती लवकर कुजतात. आंबा, फणस, वड यांची चिवट. ती हातानं चुरून किंवा पायानं तुडवून घ्यावी लागतात.

चिपाडांचाही हाच मोसम. ऊन तापलं की रसवंत्यांची घुंगरं वाजायला लागतात. चौकातल्या रसवंतीवाल्यानं चिपाडं फुकट दिली. अट एकच होती, रोज संध्याकाळी न्यायची, कारण राहिली तर माश्या घोंगावतात.

रंगाच्या मोकळ्या बादल्या, तेलाचे डबे आणि थोड्या ग्रो बॅगा. प्रत्येकाला बुडापासून बोटभर वर, बाजूनं भोकं. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर चिपाडांचे तुकडे, मग दाबून दाबून पाचोळा. प्रत्येक थरावर शेणाच्या पाण्याचा शिपका. वरची वीतभर जागा माती, गांडूळखत आणि जुन्या शेणखताच्या मिश्रणाची. भरलेली बादली मी एका हातानं उचलून सरकवू शकत होते. सेक्रेटरींना बोलावून त्यांनाही ती उचलून बघायला लावली.

सुक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ती कुजवणारे जिवाणू आधी स्वतःपुरतं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. माझी पहिली गवार तशीच लिंबासारखी दिसायला लागली. यावर उपाय जीवामृताचा. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी दिलेलं प्रमाण शेतासाठी दोनशे लिटरचं आहे, मी त्याचा विसावा भाग केला. दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, जवळपास तेवढंच गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची चिमूटभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. वास येतो. घरच्यांनी नाक धरलं, पण पंधरवड्यात गवार हिरवी झाली, मग कुणी काही बोललं नाही.

जागा निवडताना ऊन फसवतं. माघात दक्षिणेकडचा कठडा दिवसभर उन्हात न्हायलेला दिसतो म्हणून माणूस सगळ्या कुंड्या तिथे मांडतो. पण सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत असतो. पुण्यात मेच्या मध्यावर तो दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. दक्षिणेच्या गॅलरीत, वर स्लॅब असेल तर, तोपर्यंत ऊन शिरायचं जवळपास थांबलेलं असतं. आणि उत्तरेकडचा कोपरा, जिथे हिवाळ्यात शेवाळ धरतं, तो भाजायला लागतो. म्हणून वेलवर्गीय भाज्या मी उत्तर-पूर्वेला घेतल्या आणि अळू, पुदिना दक्षिणेच्या भिंतीला. वर हिरवी शेडनेट बांबूंना बांधली, पण ती चैत्र लागल्यावरच.

पेरलं काय, तर उन्हाला न घाबरणारं. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, लाल माठ. भेंडीचं बी ‘परभणी क्रांती’. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण, पिवळ्या शिरांच्या केवड्या रोगाला दाद न देणारं म्हणून नावाजलेलं. मुख्य म्हणजे सरळ वाण आहे, संकरित नाही. दोन भेंड्या झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरात. बी रात्रभर भिजवून, बोटाच्या एका पेराइतकं खोल लावलं. सासूबाई म्हणाल्या, “वेलांची आळी अक्षय्य तृतीयेला घालायची असतात, आत्ता नव्हे.” त्यांचं माहेर वाईकडचं. तिथल्या परसात ते बरोबरच असणार, कारण तो वेल पावसावर वाढायचा. माझा वेल उन्हाळ्यातच फळायला हवा होता. शेवटी दोघींचं जमलं. काकडी-दोडका मी होळीच्या आत लावला आणि पडवळ-भोपळ्याची बादली त्यांच्या मुहूर्तासाठी राखून ठेवली.

भेंडीचं फूल जवळून बघितलंय कधी? फिक्या लोण्याच्या रंगाच्या पाच पाकळ्या आणि आत गळ्याशी गडद वांगी डाग. जास्वंदीच्याच कुळातलं, म्हणून मधला दांडाही तसाच. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसरा दिवस बघत नाही. पाकळ्या गळल्या की खाली नखाएवढी भेंडी दिसते आणि पाच दिवसांत काढायला येते. सहावा-सातवा दिवस गाठला तर सुरीला कुरकुरते. बाजारात ‘कोवळी आहे ना?’ म्हणून शेंडा मोडून बघायची सवय मला होती. आता तो प्रश्नच उरला नाही.

दोडक्यानं मात्र वेळापत्रकच बदलायला लावलं. काकडीची फुलं सकाळी उमलतात, मधमाश्या येतात, काम होतं. दोडक्याचं फूल दिवस कलता उमलतं आणि तेव्हा आमच्या गच्चीत कुणीच फिरकत नाही. सुरुवातीला नुसती नरफुलं, घोसांनी. मग मादीफूल आलं. ते ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या खाली शिरा असलेला बोटाएवढा चिमुकला दोडका आधीपासूनच असतो. दुसऱ्या दिवशी तो पिवळा पडून गळला, पुढचाही गळला. मग संध्याकाळच्या चहाच्या वेळेला मी नरफूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे परागकण मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायला लागले. धरलेलं फळ दोन दिवसांत मान खाली घालतं आणि लांबायला लागतं. नातीला हे काम इतकं आवडलं, की संध्याकाळी खेळायला जायच्या आधी ती ‘दोडक्याचं लग्न’ उरकून जायची.

फुलांची झाडं मी भाजीच्या मधेमधेच लावली, शोभेसाठी वेगळी रांग केली नाही. झेंडू आणि झिनियाला फुलोरी मधमाश्या येतात आणि जाता जाता काकडीचंही काम करून जातात. चवळी आणि गोकर्णावर काळा भुंगा येतो, त्याच्या वजनानं फूल अक्षरशः वाकतं. ऑफिस टाइमची फुलं ऊन चढल्यावर उघडतात, त्यांना पाणी विसरलं तरी चालतं. मोगऱ्याची दोन जुनी झाडं होती. त्यांची माघात छाटणी केली, पानं ओरबाडली, थोडे दिवस पाणी तोडलं आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी दिलं. चैत्रात कळ्यांनी लगडली. गुढीपाडव्याला गुढीच्या माळेत घरचा झेंडू नव्हता, तो अजून कळीत होता. बाजारातूनच आणला.

रोगराई यायची ती आलीच. भेंडीच्या पानांमागे तुडतुडे, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. पिठ्यावर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग जुना टूथब्रश. तुडतुड्यांवर निंबोळी अर्क, लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायचा. उन्हात फवारला तर पानं करपतात. लाल माठाला पानं कुरतडणाऱ्या अळ्या लागल्या, तो सगळाच उपटून पाचोळ्यात टाकला. एवढ्याशा पिकासाठी युद्ध करण्यात अर्थ नव्हता.

पाणी हा खरा पेपर. वैशाखात सोसायटीत टँकर येतात आणि तेव्हा गच्चीत नळी धरून उभं राहिलेली बाई कुणालाच आवडत नाही. डाळ-तांदळाचं, भाज्या धुतल्याचं, एसीचं पाणी एका पिंपात साठवलं. आरओच्या सांडपाण्यात क्षार फार, ते कुंडीच्या कडेला पांढरं फुटतं, म्हणून ते फक्त फरशीला. पण पाणी खरं वाचवलं ते पुन्हा पाचोळ्यानंच. मातीवर चार बोटं जाड पाचोळा पसरला की दुपारीही आत बोट घातलं तर गारवा लागतो. उघड्या कुंडीला दोनदा पाणी लागायचं, झाकलेलीला एकदा पुरलं.

भाजीचं बिल कमी झालं का, असं बरेच जण विचारतात. नाही. आठवड्यातून दोनदा भेंडी, अधूनमधून गवार, काकड्या कोशिंबिरीपुरत्या, दोडके शेजारी एकेक देता येतील इतके. कोथिंबीर उन्हात काही केल्या आली नाही, ती विकतच. बादल्यांमधला पाचोळा पावसाळ्यापर्यंत निम्म्यावर बसला, हाताला काळा, भुसभुशीत लागला, आणि त्यात सासूबाईंचा भोपळा चढला.

तुमच्या गल्लीतही झाडं असतील. फेब्रुवारीच्या अखेरीपासून रोज सकाळी खाली उतरताना एक रिकामं पोतं बरोबर घ्या आणि झाडणाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. ढीग पेटवला गेला की त्या वर्षीची संधी गेली. बियाण्यांची खरेदी नंतर केली तरी चालते.