लूत, गजकर्ण आणि तुपाची वाटी

कुत्र्याच्या कातडीला काहीही झाले तरी आपल्याकडे त्याला एकच शब्द पुरतो : लूत. केस गळाले, लूत. खाजवू लागला, लूत. कानामागे खपली धरली, तीही लूत. हा शब्द निदान करीत नाही, निकाल देतो. एकदा तो उच्चारला की पुढे उपचाराचा प्रश्न उरत नाही, हाकलण्याचाच उरतो. वीसेक वर्षे शब्दांचे अर्थ शिकवीत असूनही या शब्दाची ही सत्ता आम्हांला कळली ती तांबूमुळे.

कर्जतचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला भिंतींवरची बुरशी सांगावी लागत नाही. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, चामड्याच्या चपलांवर, कपाटातल्या कोटावर ती येतेच. तशाच एका श्रावणात तांबूच्या नाकाडावर आणि कानाच्या कडेला रुपयाएवढे गोल टक्कल दिसू लागले. शेजाऱ्यांनी उपाय सुचवले : खोबरेलात गंधक, करंजेल, कुणी तर खोपोली रस्त्यावरच्या गॅरेजातले जळके ऑइल. एकाने घाटात सोडून येण्याचा. आम्ही शिकलेले, म्हणून आमच्याच कपाटातली मलमाची एक ट्यूब काढून लावली. तीत स्टिरॉइड मिसळलेले होते. चार दिवसांत लाली उतरली, आम्ही खूश झालो, आणि दोन आठवड्यांत तो गोल दुप्पट झाला. स्टिरॉइड दाह दडपते, बुरशीला मात्र मोकळे रान देते, हे आम्हांला नंतर समजले.

खालापूर तालुक्यातल्या एका पशुवैद्यांनी टकलाच्या कडेचे केस चिमट्याने उपटून तपासणीसाठी मुंबईला पाठवले. उत्तर आले : मायक्रोस्पोरम कॅनिस. ‘कॅनिस’ म्हणजे कुत्र्याचे. पण ही बुरशी कुत्र्यापेक्षा मांजराच्या अंगावरच अधिक नांदते. म्हणजे लॅटिननेही आळ कुत्र्यावरच घेतला! माणसाच्या अंगावर हीच बुरशी उतरली की आपण तिला गजकर्ण म्हणतो. तिथे बिचारा हत्ती सापडला आहे. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा, असे नाव आहे. रोग जुना आहे, आणि त्याला वरून लावायची औषधेही तितकीच जुनी आहेत.

पोटातून द्यायचे औषध मात्र अगदी अलीकडचे. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ साली एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळे काढले गेले. पण ते तोंडावाटे दिल्याने कातडीवरची बुरशी हटते, हे १९५८ साली गिनीपिगांवरच्या प्रयोगांतून दिसले. बुरशीनेच बुरशीवर दिलेला उतारा! आता बहुधा इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन देतात. डॉक्टरांनी आम्हांला समजावले ते असे : मलम केसाच्या बाहेर थांबते, गोळी रक्तातून केसाच्या मुळाशी पोचते. नवा केस औषध घेऊनच उगवतो. पण केसांवर आधीच चिकटलेले बीजाणू गोळीने मरत नाहीत. त्यासाठी औषधी आंघोळ हवी आणि घरही झाडून-पुसून घ्यायला हवे, कारण कोरड्या कोपऱ्यात ते वर्षभरही तग धरतात. यकृतावर ताण येऊ शकतो म्हणून रक्त तपासले. तांबूला वजनानुसार इट्राकोनॅझोलची कॅप्सूल लिहून देताना ते म्हणाले, “ही भरल्या पोटी द्या, जेवणात थोडं तूप असू द्या. उपाशीपोटी दिलीत तर अर्धी वाया जाईल.”

वर्गात आम्ही दरवर्षी सांगतो ती नामदेवांची आख्यायिका आठवली : कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. आमच्या घरी ती भक्तीची गोष्ट एकाएकी पथ्याची झाली.

पाचव्या आठवड्यात कानावर मऊ लव आली आणि आम्ही औषध थांबवले. केस उगवले म्हणजे रोग गेला असे नाही, तपासणी निर्दोष येईपर्यंत थांबू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. आम्ही ते ऐकले होते, मानले नव्हते. महिन्याभरात टक्कल परतले.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची दहा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर आमच्या ओटीवर अभ्यासाला बसे. तांबू तिच्या मांडीशी. ती भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून येऊ लागली तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. एके दिवशी भांडी घासताना बाह्या वर गेल्या आणि तिच्या दंडावर तो गोल दिसला. पंधरा दिवस मायलेकींनी तो लपवला होता. का, असे विचारले तर बाई खाली मान घालून म्हणाल्या, “ताई, तुम्ही खरूज म्हणाल आणि काम बंद कराल, असं वाटलं.”

आम्ही दोघे काही बोलू शकलो नाही. बुरशी आमच्या घरातून, आमच्याच आळसाने तिच्या दंडावर गेली होती, आणि शरम मात्र तिला वाटत होती. जो शब्द कुत्र्याला घाटात नेऊन सोडतो, त्याचाच सख्खा भाऊ या पोरीला बाह्या खाली ओढायला लावत होता.

आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. तिच्यावर मलमानेच भागले. तांबूची कॅप्सूल पुन्हा सुरू झाली ती लागोपाठच्या दोन तपासण्या निर्दोष येईपर्यंत. कॅलेंडरवर रोज खूण करण्याचे काम मुलीने आपणहून घेतले. तुपाचा चमचाही तीच मोजून घाली.

शेजारी आजही तांबूला ‘लूतवाला’ म्हणतात. मुलगी प्रत्येक वेळी थांबून त्यांना दुरुस्त करते : “लूत नव्हती, बुरशी होती. आणि ती आता गेली.” एवढे नेमके मराठी आमच्याकडूनही त्या पावसाळ्यात झाले नव्हते.