आज खाली काय दिसलं?

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत ५८ पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे त्यांतली एकही मानायला तयार नाहीत. दादरमध्ये जन्मलेली, दादरमध्येच शिकलेली, लग्न झाल्यावरही दोनच गल्ल्या ओलांडून इकडे आलेली ही बाई गेली कित्येक वर्षं दादरमध्ये उतरलेली नाही. तिच्या खिडकीतून सोनमोहराचा शेंडा दिसतो, समोरची गच्ची दिसते, गच्चीवरची निळी ताडपत्री आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. रस्ता दिसत नाही, सज्जा आड येतो. म्हणून मी बाहेरून आले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, की तिचा प्रश्न ठरलेला असतो: “आज खाली काय दिसलं?”

सुरुवातीला मी सांगत असे, “काही नाही गं, नेहमीचंच.” ते उत्तर आठवलं की आजही मला टोचतं. नेहमीचं तेच तर तिला हवं होतं.

फोटो मी पंचवीस वर्षं काढते आहे. रजा साठवायची आणि हंपीला जायचं, बनारसला जायचं, स्पितीला जायचं. पाठीवर तीन लेन्सचं ओझं. परत आले की कॅमेरा कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांच्या सोबतीला, कारण मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. दादरमध्ये तो बाहेर काढावा असं कधी मनातही आलं नाही. मग आई घरात पडली, प्रवास थांबले आणि दीडेक वर्ष मी एकही फोटो काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, सुचत नाही. मला ते खरंच वाटत होतं. एका पहाटे मात्र भाजीच्या पिशवीत कॅमेरा टाकला, एकच पन्नासची लेन्स लावली आणि खाली उतरले. काही सुचलं म्हणून नव्हे. आईला आज तरी नीट उत्तर द्यावं म्हणून.

त्या दिवशीचा पहिला फोटो मला स्वतःला फार आवडला होता. शेवंतीची पाटी, तिच्यावर पडलेला बल्बचा पिवळा उजेड, आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. ॲपर्चर पूर्ण उघडलं, १.८ वर ठेवलं, की मागचा पसारा असा पुसला जातो आणि एकच फूल उठून दिसतं. आईनं टॅब हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “फूल छान आहे गं. पण हे दादर कुठं आहे?”

मी दादर पुसून टाकलं होतं. इतकी वर्षं तेच करत आले होते: तारा नकोत, पाट्या नकोत, प्लास्टिकच्या बादल्या नकोत, मध्ये येणारा माणूस नको. आईला नेमक्या त्याच गोष्टी हव्या होत्या. पाटीमागच्या दुकानाचं नाव वाचायचं होतं. हमालाच्या डोक्यावरची चुंबळ कापडाची आहे की गवताची, हे बघायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ॲपर्चर ८ वर नेलं. जवळची शेवंती आणि लांबच्या दुकानाची पाटी, दोन्ही स्पष्ट. आता चौकटीत इतकं काही येऊ लागलं की ते बसवायचं कसं, हा नवा पेच पडला. हाताला काम मिळालं. ‘सुचत नाही’ हे शब्द त्यानंतर तोंडी आले नाहीत.

स्टेशनजवळचा फूलबाजार घरापासून दहा मिनिटांवर आहे. पहाटे चारच्या सुमाराला तो जागा होतो आणि उजाडेपर्यंत निम्मा आटोपतो. पायाखाली ओला चिखल, त्यात पाकळ्या. झेंडूचे ढीग, लिलीच्या जुड्या, ओल्या फडक्याखाली झाकलेला मोगरा. कॅमेऱ्याची एक खोड मला इथे खरी कळली. त्याच्या प्रकाशमापकाला जग सरासरी करड्या रंगाचं वाटतं. त्याच्यावर सोडलं तर निशिगंधाचा पांढराशुभ्र ढीग राखाडी होऊन येतो, आणि अंधारात बसलेल्या काळ्यासावळ्या माणसाचा चेहरा नको तितका उजळ. निशिगंधासाठी एक-दीड स्टॉप वाढवायचा, चेहऱ्यासाठी थोडा कमी करायचा, हे हाताला सवयीनं येतं. पावसाळ्यात आणखी गंमत होते. सगळीकडे निळ्या ताडपत्र्या लागतात आणि दिवस उजाडला की त्यांच्यातून गाळून येणारा उजेड निळा असतो. त्याखाली पांढरी शेवंती आकाशी दिसते, झेंडू मातकट होतो, माणसांचे चेहरे पाण्यात बुडाल्यासारखे. मी आधी तो निळा रंग काढून टाकायची. आई म्हणाली, “राहू दे. पावसात असंच दिसतं तिथे.” तिला आठवत होतं. माझ्या रोजच्या वाटेवर असूनही मला ते कधी दिसलं नव्हतं.

बाजाराच्या कडेला पालघर, डहाणूकडून येणाऱ्या बायका बसतात. आंब्याचे टहाळे, केळीची पानं, श्रावणात पत्री, दसऱ्याला आपटा आणि भाताच्या लोंब्या. त्यांतल्या एका मावशींना मी विचारलं, फोटो काढू का? त्या हसल्या. “माझा कशाला, ताई? पानांचा काढ.” तरी काढू दिला. मी जवळ गेले, चेहरा घेतला: कपाळावरचं गोंदण, गालावर पडलेला पहिला उजेड. आठवड्यानं त्याची छापील प्रत नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, शेजारणीला दाखवली, आणि मग मला विचारलं, “तोंड बरं आलंय. पण माझा भारा कुठं गेला?”

भारा मी कापला होता. “रातीला दोनला उठले,” त्या म्हणाल्या, “अंधारात गाडी धरली. हा भारा नसता तर मी इथं कशाला बसले असते?” मी उकिडवी बसले, मागे सरकले, पुन्हा फोटो घेतला. या वेळी चौकटीचा दोन तृतीयांश भाग हिरव्या भाऱ्यानं व्यापला, आणि एका कडेला, त्याच्यावर हात टाकून, त्या. या फोटोची प्रत त्यांनी बटव्यात ठेवली. आईनं हाच पाहिला तेव्हा चेहऱ्याबद्दल ती काहीच बोलली नाही, म्हणाली, “टहाळे कोवळे आहेत. उद्या दोन आण.”

टिळक पूल ओलांडून पूर्वेला गेलं की दादासाहेब फाळके मार्ग लागतो. आज तिथे वाहनांच्या गर्दीखेरीज फारसं काही हाती लागत नाही. पण १९१२ साली फाळके लंडनहून कॅमेऱ्याची विद्या शिकून आले आणि याच भागात राहायला लागले, तेव्हा त्यांच्यापाशी यंत्र होतं, जिद्द होती आणि पैसा नव्हता. सिनेमा म्हणजे काय हे सावकारांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवून महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते सगळं मिनिटभराचं: दाणा फुगतो, मोड वर येतो, वेल चढते. ‘अंकुराची वाढ’. त्यातून भांडवल उभं राहिलं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपण वर्धापनदिन राजाचे साजरे करतो. माझा जीव त्या वाटाण्यावर आहे. राजे, ऋषी, देव यायच्या आधी दादरच्या त्या माणसानं घरातली कुंडी पाहिली, आणि रोज पाहिली.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, “कुंडी खिडकीतच ठेवली असणार. ऊन नको का वाटाण्याला?” आणि लगेच, “आपला सोनमोहर का नाही काढत तू?”

खिडकीच्या चौकटीवर मी पट्टी चिकटवून खूण केली. कॅमेरा रोज तिथेच टेकवायचा, रोज सकाळी साडेसातला. कंटाळवाणं काम वाटेल, पण त्या दीड महिन्याइतकी मी कधी रमले नव्हते. फाल्गुनातल्या जुन्या, धुळकट पानांमधून तांबूस पालवी आली, मग गंजाच्या रंगाच्या कळ्यांचे तुरे, आणि एके दिवशी शेंड्याच्या एका बाजूला पिवळा ठिपका. तो आईनं माझ्याआधी पाहिला. फोटो मोठा करून तिनं बोट ठेवलं तेव्हा कुठे मला दिसला.

फोटोग्राफीच्या इतिहासातली एक गोष्ट तिला फार आवडते. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर या आद्य छायाचित्रकारानं आपल्या खिडकीतून खालच्या बूलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा होता. गाड्या, घोडे, माणसं. पण त्या काळी पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत, आणि जे हलत होतं ते उमटलंच नाही. रस्ता रिकामा दिसतो. एका कोपऱ्यावर मात्र एक माणूस दिसतो, पाय उचलून ठोकळ्यावर ठेवलेला, आणि त्याच्या पायाशी एक अस्पष्ट आकृती. तो बहुधा बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून तेवढा वेळ थांबला होता. छायाचित्रात स्पष्ट दिसणारा पहिला माणूस हा मान त्याला दिला जातो.

“कोण होता तो?” आईनं विचारलं. “कुणालाच माहीत नाही.” “आणि पॉलिशवाला?” “तोही नाही.”

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनबाहेर गेले. सहाची वेळ, लोकलमधून उतरलेली माणसं लोंढ्यानं येत होती. एका स्टॉलवाल्याची परवानगी घेऊन कॅमेरा त्याच्या फळीवर टेकवला आणि शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं. गर्दीचा धूर झाला. पांढरे, निळे, भगवे पट्टे वाहत गेले, आणि त्यांच्यामध्ये शांत बसलेला पॉलिशवाला, पेटीवर ब्रश आपटायच्या आधीच्या क्षणी थांबलेला. त्याला मी पडद्यावर फोटो दाखवला. गर्दीकडे त्यानं लक्षही दिलं नाही. “डब्या स्पष्ट आल्यात,” तो म्हणाला, आणि बोटानं एकेक दाखवल्या: काळी, तपकिरी, न्यूट्रल.

रात्रीचे फोटो आईला पहिल्यांदा पटलेच नाहीत. “रस्ता पांढरा का केलास?” मी केला नव्हता. ती शेवटची खाली उतरली तेव्हा रस्त्यावर सोडियमचे दिवे होते; त्या नारिंगी उजेडात लाल साडी आणि हिरवी साडी सारखीच तपकिरी दिसायची. आता एलईडी आलेत, रंग ओळखू येतात. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर दादरचा नारिंगी रात्रीचा फोटो शोधला. एकच सापडला, तोही चुकून दाबला गेलेला, हललेला. त्या रंगात मी वाढले, अभ्यास केला, उशिरा घरी परतले, आणि तो टिपून ठेवावा असं एकदाही वाटलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. स्पितीचे चार हजार फोटो आहेत.

दुपारच्या उन्हात फोटोवाले बाहेर पडत नाहीत. सावल्या काळ्या, चेहरे करपलेले. पण मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो, बारा पस्तीसच्या आसपास, आणि काही क्षण सरळ उभ्या वस्तूंची सावली नाहीशी होते. त्या दिवशी मी रानडे रोडवर उभी होते. विजेच्या खांबाला सावली नव्हती. कलिंगडवाल्याच्या हातगाडीची सावली गाडीखाली दडून बसली होती, आणि तो स्वतः छत्रीखालच्या गोल काळ्या ठिपक्यात पाय आवळून उभा होता. सगळा रस्ता जमिनीपासून किंचित सुटल्यासारखा दिसला. सहा-सात फोटो घेतले, घामानं डोळे चुरचुरत होते. आई ते पाहून इतकंच म्हणाली, “एवढ्या उन्हात टोपी तरी घालत जा.”

गेल्या आठवड्यात तिनं एका फोटोची फर्माईश केली. मला वाटलं, चौपाटी सांगेल, नाहीतर शिवाजी पार्कचा कट्टा. ती म्हणाली, “आपल्या जिन्याचा काढून आण.”

५८ पायऱ्या मी दिवसातून चार वेळा चढते-उतरते. जिन्याचा फोटो माझ्याकडे नव्हता. त्या संध्याकाळी प्रत्येक वळणावर थांबले, कॅमेरा भिंतीला टेकवून श्वास रोखून धरला, कारण तिथे उजेड फारच कमी असतो. सागवानी कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. पायऱ्यांच्या कडा मध्यभागी झिजलेल्या. दुसऱ्या मजल्यावर कोणे एके काळी कुणा मुलानं कोरलेलं नाव. तळमजल्याशी दारातून आत आलेला रस्त्याचा उजेड, शेवटच्या चार पायऱ्यांवर पसरलेला. घरी येऊन सगळे फोटो एकाखाली एक जोडले आणि टॅब तिच्या हातात दिला.

तिनं वरच्या फोटोतल्या कठड्यावर बोट ठेवलं आणि, कठडा धरून उतरावं तसं, ते हळूच खाली ओढलं. जिना वर परतला. ती चपापली, माझ्याकडे पाहिलं. “उलटं,” मी म्हटलं, “बोट वर ने.” तिनं पुन्हा कठड्यावर बोट टेकवलं, वर सरकवलं, आणि जिना एकेक पायरी उतरू लागला. वळणावर ती थांबली. कोरलेलं नाव वाचलं, मान हलवली, आणि पुढे उतरत गेली.